टेबलावरचा पेला

साबणाच्या वेष्टनावर छापायला धाकटी एआयकडून गुलाब काढून घेत होती. "शी! हा नको. अजून एक." दर गुलाबासरशी टेबलावरच्या पेल्यातलं पाणी आपोआप उतरत होतं.

"ताई, तू प्यायलीस?"

"मी इथे शाई कालवतेय गं! आणि कसला चाळा लावलायस? आधी काय हवंय ते ठरव, मग एकदाच माग."

धाकटीनं पेन्सिलीनं गुलाब रेखाटला, तो दाखवून एकदाच मागितला आणि लॅपटॉप मिटला.

पाणी चढू लागलं. काठोकाठ आलं.

"ताई, तू ओतलंस?"

ताई मागच्या खिडकीकडे बघत होती. शेजारी एआयचे सर्व्हर पाण्यानं गार ठेवणारी इमारत आल्यापासून कोरड्या पडलेल्या विहिरीतून आवाज आला.

डुबुक्.