आखूड स्की

दुष्काळाचं तिसरं वर्ष. धरणाच्या तळाला भेगा पडल्या होत्या, तेव्हा माजलगावकडच्या आमच्या जलक्रीडा सहकारी संस्थेत दोन स्लॅलम स्की आल्या. स्लॅलम म्हणजे दोन्ही पाय एकाच फळीत अडकवून बोटीमागं पाण्यावरून घसरायचं.

पुण्याच्या प्रशिक्षकानं संस्थेच्या कार्यालयात दोघा पदाधिकाऱ्यांना वजनकाट्यावर उभं केलं. "जड माणसाला लांब, हलक्याला आखूड. आखूड लवकर वळते," असं सांगून त्यानं एकशेदहा किलोच्या व्हाइस चेअरमन सुग्रीवला लांब स्की दिली आणि अठ्ठेचाळीस किलोच्या चेअरमन सुंदररावांना आखूड.

"चेअरमनला आखूड? परवा निवडणूक हाय, लोक काय म्हणतील बे?" सुंदररावांनी लांब स्की हिसकावली आणि आखूड सुग्रीवच्या तोंडावर फेकली.

"पायात घालायची हाय सायेब, मिरवायची न्हाई," नाकातलं रक्त पुसत सुग्रीव म्हणाला.

सुंदररावांनी लांब स्की त्याच्या डोक्यावर उगारली, पण ती त्यांना पेलेना. सुग्रीवच्या हातातली आखूड मात्र खरंच लवकर वळली, आणि दोनदा वळली. चेअरमनचं कपाळ फुटलं, तीन दात सभेच्या टेबलावर पडले.



कार्यालयातलं रक्त धुवायला गावाचा आठवड्याचा टँकर वळवला, तेव्हा दोन्ही स्कींना पहिल्यांदा पाणी लागलं.