अठरा माणसांचं एक मत

“टूलरूमच्या अठरा माणसांना एक मत आणि असेंब्लीच्या दोनशे दहा जणांनाही एकच. हे तुम्हाला पटतं, दौलतकाका?” हीनाने विचारलं.

दौलतरावांनी जेवणाचा डबा उघडला. टूलरूममधले ते सर्वांत जुने कामगार, चाकणच्याच मातीतले. “पोरी, युनियनची पद्धत जुनी हाय. पाच खाती, पाच मतं. ज्या खात्यात ज्याची सरशी, त्या खात्याचं मत त्याला. अमेरिकेत बी असंच कायतरी हाय म्हनं.”

“तिथे राज्यं आहेत, काका. आपण सगळे एकाच गेटातून आत येतो.”

जेवणाची सुट्टी अर्ध्या तासाची. हीना पेंट शॉपमधून निघून रोज एकेका खात्यात जाऊन बसायची. सोबत असेंब्लीतली वर्षाली असायचीच. गाड्यांच्या सीट बनवणाऱ्या त्या कंपनीत निम्म्याहून जास्त माणसं असेंब्लीत, आणि त्यात बहुतेक बायका. मागची अध्यक्षपदाची निवडणूक त्यांच्या जिव्हारी लागली होती. दोनशे वीस मतं पडली त्या उमेदवाराची हार झाली आणि एकशे दहा पडली त्या उमेदवाराच्या गळ्यात हार पडला. चार छोटी खाती एकीकडे, एक मोठं खातं दुसरीकडे. विषय संपला.

“पन पद्धत मोडली तर आमच्या अठरा जनांना इचारनार कोन?” दौलतराव म्हणाले.

हीनाने तो प्रश्न वहीत टिपून घेतला. ती उठून गेली आणि तिसऱ्या दिवशी परत आली.

“कमिटीत प्रत्येक खात्याची एक जागा कायम राहील. मी मांडतेय त्या ठरावातच लिहिलंय तसं. पण अध्यक्ष सगळ्यांचा असतो, तो माणसं मोजूनच ठरावा.”

दौलतरावांनी तिच्याकडे निरखून पाहिलं. “तुला काय मिळनार ह्यातनं?”

“शांत झोप.”

काळेवाडीच्या घरी संध्याकाळी तिचा नवरा इकबाल गॅरेजमधून आला, तेव्हा ती भाकऱ्या थापत होती.

“हरलीस तर मला काही वाटणार नाही,” हात धूत तो म्हणाला. “पण जिंकलीस तर काय करशील?”

“बघू की,” हीना म्हणाली आणि तिने भाकरी उलटली.

रविवारी चाकणच्या एका मंगल कार्यालयात सभा भरली. ठराव मंजूर झाला तर महिन्याभरात नवी निवडणूक, थेट मतदानाने. पण नियम बदलायलाही जुनीच पद्धत: पाचापैकी चार खाती हवीत. ठराव हीनाचा, म्हणून सभा चालवायला सर्वांत ज्येष्ठ दौलतरावांना बसवलं.

असेंब्लीचा होकार आला. पेंट शॉपचा आला. प्रेस शॉप दोन मतांनी राजी झालं. स्टोअरने मात्र साफ नाही म्हटलं. राहिली टूलरूम. तिची अठरा माणसं कोपऱ्यात डोकी जुळवून बसली.

दौलतराव त्यांच्यात जाऊन आले आणि माईकपुढे उभे राहिले.

“आमी अठरा जन. सात म्हनत्यात न्हाई.” त्यांनी माईक जवळ ओढला. “अकरा म्हनत्यात, व्हय!”

हॉल दणाणला. शिट्ट्या झाल्या, खुर्च्या बडवल्या गेल्या. बायका एकमेकींच्या गळ्यात पडल्या. वर्षाली धावत आली आणि हीनाला घट्ट मिठी मारून रडायलाच लागली. मग असेंब्लीच्या बायांनी वर्षालीला खांद्यावर उचललं आणि एकच घोष केला, “दोनशे वीस! दोनशे वीस!”

हीना खाली उभी राहून टाळ्या वाजवत होती. इतकं हलकं तिला कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं.

दौलतरावांनी ठरावाचा कागद तिच्यापुढे धरला. सगळ्यात खाली एक जागा रिकामी होती. हीनाने पेन उघडलं आणि एकशे दहा मतांनी मिळालेल्या ‘अध्यक्ष’ या शब्दावर ठसठशीत सही केली.