तिसऱ्या मजल्यावरचं गार घर

माठाच्या झाकणाचा खणकन आवाज झाला आणि चेलना दचकली. बिल्डरने फळीवरचा पेला काढून स्वतःच पाणी घेतलं होतं.

"जिनेशभाई, सांगितलं असतं तर दिलं असतं की." नाव घेताना तिची जीभ कोरडी पडली.

"तुमचं घर आपलंच समजतो, वहिनी." तो ओशाळून हसला.

अमळनेरहून घर बघायला आलेल्या ज्योत्स्नाकाकूही हसल्या. चष्मा टेबलावर ठेवून त्यांनी पदराने मान पुसली. बाहेर जळगावचा मे महिना पेटला होता.

"अहो, बठ्ठं घर माठसारखं गार शे," त्या नवऱ्याला अहिराणीत म्हणाल्या.

प्रकाशराव हसले नाहीत. "घर गार, पण बिल्डरही गार झालाय म्हणतात. पोकळ विटा, सोलर, पावसाच्या पाण्याच्या टाक्या. खर्च दीडपट अन् भाव शेजारच्या साध्या इमारतीचाच."

"लोक वाहवा करतात, काका," जिनेश म्हणाला. "पैसे मोजताना मात्र शेजारच्या इमारतीकडे बोट दाखवतात."

टेबलाखाली चार वर्षांची विधी भातुकली खेळत होती. सकाळी चेलनाने समजावलं होतं, तशी गुणी पोरीसारखी. तिने इवलासा कप पुढे केला. "अंकल, चहा."

जिनेशने तो दोन्ही हातांनी घेतला.

आज एक तरी घर विकलं नाही, तर सोमवारी बँक इमारत ताब्यात घेणार होती. मग लेकीला घेऊन जायचं कुठे, चेलनाला ठाऊक नव्हतं.

प्रकाशराव तिच्याकडे वळले. "ताई, तुम्ही इथे राहता, तुम्हीच सांगा. आपल्या ताकाला कोण आंबट म्हणतं?"

"लाइटबिल निम्मं येतं, काका. भर दुपारी लेकरू शांत झोपतं."

तेवढं तरी खरं होतं.

काकूंनी वाकून विधीच्या गालावरून हात फिरवला. "घेऊ या हो. शेजारी लेकराचा आवाज राहील."

प्रकाशरावांनी खिडकीजवळची भिंत तळहाताने चाचपून पाहिली. मग म्हणाले, "उद्या विसार आणतो."

दोघं लिफ्टकडे गेले. "आलोच," म्हणत जिनेश मागे थांबला आणि भिंतीला टेकून खाली बसला. त्याचे डोळे मिटले होते. चेलनाला रडू फुटणार, तोच तिला टेबलावरचा चष्मा दिसला. तो उचलून ती वळली.

काकू दारातच उभ्या होत्या, हात पुढे करून. "म्हातारपण शे, माय, दुसरं काय."

टेबलाखाली विधी रिकाम्या कपात पुन्हा चहा ओतत होती. मान वर न करता तिने विचारलं, "मम्मी, आता अंकलना परत पप्पा म्हणू?"