जिना

तालुक्याच्या कोर्टात फौजदारी खाली चालते, दिवाणी वरच्या मजल्यावर.

खाली मी फिर्यादी आणि दादा आरोपी; सामाईक भिंतीच्या भांडणात त्यानं पहारीनं माझा गुडघा फोडला होता. वर तो वादी, मी प्रतिवादी. भिंत कुणाची, हा दावा. दोघांच्याही वकिलांनी बजावलेलं, एकमेकांशी बोलायचं नाही. आठ वर्षं आम्ही ते पाळलं.

आज दोन्ही तारखा एकाच दिवशी आल्या. खालची आटोपली. कठडा धरून मी दोन पायऱ्या चढलो आणि अडकलो. मागून दादा आला. त्यानं माझा हात स्वतःच्या खांद्यावर घेतला.

वरून पट्टेवाल्यानं पुकारा केला, “वादी हजर? प्रतिवादी हजर?”

दादा धापा टाकत ओरडला, “जरा थांबा! आम्ही दोघंही जिन्यात आहोत.”