लोकरीची वाट

शहरात चालण्याच्या पक्क्या वाटा कुठून काढायच्या, हे लोकांनीच सांगावं म्हणून आम्ही सभागृहात मोठा नकाशा अंथरला आणि प्रत्येकाच्या हाती लोकरीचा धागा दिला. कुणाचा धागा तळ्याकडे गेला, कुणाचा बागेकडे. एका काकूंनी मात्र आपल्या घरापासून निघून, गोल फिरवून तो पुन्हा घरापाशीच आणला आणि तिथे हात ठेवला.

"काकू, वाट कुठेतरी पोचायला नको का?"

"यांना चालायची भारी हौस, आणि घर आताशा आठवत नाही. जाऊ देत हवं तिथे, पण वाटेनंच परत आणून सोडलं पाहिजे."

शेजारी काका त्या लोकरीवरून हलकेच बोट फिरवत होते. दर फेरीला काकूंच्या हाताशी थांबून म्हणत होते, "पोचलो वाटतं."