पाचवं विमान

फरंगीसनं तिसऱ्यांदा तोच प्रश्न विचारला, तेव्हा निवृत्त कर्नल इरज दानेशवर यांनी वेल छाटायची कात्री खाली ठेवली.

"चार," ते म्हणाले. "मी चार विमानं पाडली. पाचवं मी पाहिलेलं नाही."

इस्फहानमधल्या त्यांच्या अंगणात सकाळचं ऊन होतं. बायको बद्री ओट्यावर बसून मेथी-कोथिंबीर निवडत होती. फरंगीस तेहरानहून आली होती. ती कॉलेजात इतिहास शिकवायची आणि गेली सहा वर्षं इराकशी झालेल्या युद्धातल्या वैमानिकांची यादी करत होती. पाच विमानं पाडणाऱ्याला एक्का म्हणतात. असे एक्के किती, हे तिला नक्की करायचं होतं. ज्या ज्या म्हाताऱ्या वैमानिकाला ती भेटली, त्यानं एखादं विमान वाढवून सांगितलं होतं. एक कमी करून सांगणारे हे पहिलेच. ती ते कोडं घेऊनच आली होती.

कोडं एवढ्यावरच संपत नव्हतं. कर्नलच्या विमानात मागच्या आसनावर मनूचहर असायचा, रडार सांभाळायला. पाडलेलं विमान दोघांच्याही नावावर लागतं. मनूचहर मरेपर्यंत पाच म्हणत राहिला. गेल्या वर्षी तो गेला. आता हवाई तळाच्या दरवाजाशी एक्क्यांच्या नावांची पाटी लागणार होती, आणि त्यावर नवऱ्याचं नाव यावं म्हणून त्याची बायको पूरान हिनं कर्नलना दोनदा फोन केला होता. फरंगीसनं भरून आणलेल्या अर्जावर सही मात्र कर्नलचीच हवी होती.

"क्षेपणास्त्र सुटलं तेव्हा ते विमान सत्तर किलोमीटर लांब होतं," कर्नल म्हणाले. "खाली समुद्र. ना धूर दिसला, ना आग. पडद्यावर एक ठिपका होता, तो विझला. ठिपका विझला म्हणजे माणूस मेला, असं मी लिहून देणार नाही."

"चाळीस वर्षं हेच ऐकतेय," बद्री मान वर न करता म्हणाली. "मनूचहर बिचारा या ओट्यावर बसून भांडून जायचा."

फरंगीसनं पिशवीतून एका वहीची प्रत काढली. पलीकडच्या, इराकी स्क्वाड्रनची वही होती. त्यात बहमन महिन्यातल्या, ऐन हिवाळ्यातल्या त्या दिवसाची नोंद होती. तेच ठिकाण, तीच उंची. एक विमान परतलं नाही. वेळ इराणच्या घड्याळानं अकरा वीस.

कर्नलनी चष्मा लावला, वाचलं आणि कागद परत दिला. त्या दिवशी आकाशात पुष्कळ विमानं होती, एवढंच म्हणाले. मग पुन्हा कात्री उचलली.

आता काही बोलण्यासारखं उरलं नाही, हे फरंगीसला कळलं. तिनं अर्ज आणि वहीची प्रत एकत्र केली, चहाचा पेला बाजूला सरकवला. उठता उठता मात्र ती थांबली.

ही प्रत तिला इराकमधल्या बसऱ्यात मिळाली होती. मूळ वही ग़ानिम नावाच्या एका शाळामास्तरानं जपून ठेवली होती. न परतलेला वैमानिक त्याचा थोरला भाऊ. हाज़िम, वय चोवीस. प्रत देताना ग़ानिमनं काही मागितलं नव्हतं. फक्त, भावाला पाडणारा माणूस भेटलाच, तर एक गोष्ट विचारायला सांगितली होती. त्यांची आई तो प्रश्न घेऊनच गेली, असं तो म्हणाला होता.

"काय?" बद्रीनं विचारलं. तिचे हात थांबले होते.

"त्याला कळलं होतं का? आपण आता मरणार, हे."

कर्नलनी कात्री खाली ठेवली. मग ओट्यापाशी आले, बद्रीच्या शेजारी बसले. तिच्यापुढचं ताट त्यांनी जवळ ओढलं, निवडलेली भाजी एका कडेला लोटली. ताटाच्या मोकळ्या तळावर त्यांनी बोट टेकवलं आणि हळूहळू सरळ रेषेत आपल्याकडे आणलं. मध्यावर बोट थांबलं.

"मागच्या पडद्यावर जे दिसायचं, तेच माझ्याही पुढ्यात दिसायचं," ते म्हणाले. "क्षेपणास्त्र येतंय हे समोरच्याला कळलं, की ठिपका वळतो. वळतो, खाली पडल्यासारखा पळतो. बाकीचे चारही वळले होते. हा वळला नाही. सरळ येत होता."

त्यांनी ताटावरचं बोट उचललं नाही.

"मी म्हणत होतो, वळ. मनूचहरला ऐकू गेलं ते. मागून म्हणाला, इरज, कोणाशी बोलतोयस?"

शेजारच्या घरात कोणीतरी गालिचा झटकत होतं, त्याचे दणके भिंतीपलीकडून येत होते.

"भावाला सांग, त्याला कळलं नाही," कर्नल म्हणाले. "काही कळलं नाही. जेवायला काय असेल, याचा विचार करत असेल फार तर."

बद्रीनं नवऱ्याचं बोट ताटावरून उचलून आपल्या ओल्या मुठीत धरलं. थोड्या वेळानं त्यांनी ते सोडवून घेतलं आणि अर्जासाठी हात पुढे केला.

सही एका दमात झाली. त्याखाली मनूचहरचं पूर्ण नाव त्यांनी ठसठशीत लिहिलं. मग वेळेच्या रकान्यात फरंगीसनं भरलेले आकडे त्यांना दिसले. अकरा वीस. त्यांनी ते खोडले आणि वर लिहिलं, अकरा तेवीस.

"वहीत चूक आहे, मुली," पेन परत देत ते म्हणाले. "त्याची तीन मिनिटं कमी लिहिलीत."