बटणाचं चुंबक

वैशाखऱ्याच्या फाट्यावर लखमा सुताराची शेड होती. भाच्यानं त्याला कल्याणहून बटणाचं चुंबक आणून दिलं. बटण फिरवलं की ते करवतीच्या लोखंडी टेबलाला असं बसायचं, की हातोडीनंही हलायचं नाही. एकदा पात्यापासून माप धरून ते बसवायचं, मग त्याला लाकूड टेकवायचं आणि कापायचं. दर वेळी माप घ्यायची गरजच उरली नाही.

चौरंगाचे पाय वीतभर हवे होते. पण दुपारी लखमा आणि त्याची बायको सकुबाई जेवून, शेडच्या दाराला आतून कडी घालून लवंडत, आणि उठून बघावं तर चुंबक पात्यापासून कालच्याहून बोटभर लांब गेलेलं असायचं. बटण मात्र घट्ट. सवयीनं लखमा मापाविना कापायचा आणि रोज एक पाय जास्त लांब कापून बसायचा.

ते लांब तुकडे सकुबाईनं पुन्हा कापू दिले नाहीत, भिंतीशी ओळीनं उभे केले. नवा तुकडा ती स्वतःच्या अंगाला लावून बघायची. आधी गुडघ्याला, पुढे मांडीला, मग कमरेला. वीस वर्षांच्या संसारात त्यांच्या घरात पाळणा हलला नव्हता.

"कोन सरकवतंय गो ह्ये?" लखमानं एकदा विचारलं.

"वाढू द्या," ती म्हणाली.

मार्गशीर्षात चुंबकापुढचं टेबल संपलं.

त्या दुपारी लखमाला जाग आली ती तोंडावर आलेल्या उन्हानं. दार सताड उघडं होतं. चुंबक दाराच्या पत्र्याला, कडीशेजारी चिकटलं होतं. तो काढायला गेला, तर बटण कुणी मुठीत धरून ठेवल्यासारखं उबदार लागलं.

"नका काढू," सकुबाई पडल्यापडल्या म्हणाली. "कडीला हात पुरला पोरीचा."